सरकार पक्षाची हरकत नाही

पुण्यात शिवाजीनगरच्या जिल्हा न्यायालयात जामिनाचा अर्ज दाखल झाला की न्यायाधीश त्यावर बहुधा एकच ओळ लिहितात : सरकार पक्षाने म्हणणे द्यावे. कोर्टाच्या बोलीत याला ‘से’ म्हणतात. अर्जाची प्रत पोलीस ठाण्यात जाते. तपास अधिकारी, किंवा त्याच्या हाताखालचा एखादा हवालदार, मुद्दे काढतो. आरोपी बाहेर आला तर साक्षीदारांवर दबाव आणील, पुराव्यात ढवळाढवळ करील, फरार होईल, पुन्हा असाच गुन्हा करील. सबब जामिनास सक्त हरकत आहे. तो कागद पैरवीच्या अंमलदाराबरोबर परत येतो आणि सरकारी वकील तो दाखल करतात. मोबाइल चोरीच्या गुन्ह्यात हेच मुद्दे असतात आणि खुनाच्या गुन्ह्यातही हेच. स्वतः कागद वाचून स्वतःचे म्हणणे लिहिणारे सरकारी वकील आहेत आणि त्यांच्याबद्दल आदरच आहे. पण ते रीतीला अपवाद आहेत. त्या कागदावर ‘सरकार पक्षाची हरकत नाही’ असे लिहिण्याचा अधिकार सरकारी वकिलाला कायद्याने आहे. तो अधिकार वापरण्याचे बळ आपल्या व्यवस्थेने त्याला दिलेले नाही. फौजदारी न्यायात सुधारणा व्हावी असे म्हणताना आपण पोलिसांविषयी बोलतो, न्यायाधीशांच्या रिकाम्या जागांविषयी बोलतो, तुरुंगांविषयी बोलतो. या सगळ्यांच्या मधोमध उभ्या असलेल्या माणसाविषयी फारसे कोणी बोलत नाही. माझे म्हणणे असे की सुधारणेची किल्ली त्याच्या हातात आहे, आणि ती त्याला वापरू द्यायची असेल तर त्याला सरकारच्या मर्जीपासून जितके दूर ठेवावे लागेल तितकेच लोकांच्या टाळ्यांपासूनही.

सरकारी वकील हा पोलिसांचा वकील नव्हे, ही गोष्ट आपल्या कायद्यात नवी नाही. पूर्वी खालच्या कोर्टांत पोलीस खात्यातलेच प्रॉसिक्यूटर खटले चालवत. विधी आयोगाने १९५८ च्या चौदाव्या अहवालातच ही पद्धत मोडायला सांगितले होते. १९७३ ची फौजदारी प्रक्रिया संहिता आली, तिच्या कलम २५ ने सहायक सरकारी अभियोक्ता हे पद आणले आणि महाराष्ट्राने जुन्या पोलीस प्रॉसिक्यूटरांनाच ते नाव दिले. पाटी बदलली, साहेब तेच राहिले. याविरुद्ध महाराष्ट्रातल्या अभियोक्त्यांनीच दाद मागितली आणि ‘शहाणे विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये राज्याला बजावले की या अभियोक्त्यांना पोलीस खात्याच्या ताब्यातून पूर्णपणे बाहेर काढा आणि त्यांचा स्वतंत्र संवर्ग व स्वतंत्र संचालनालय उभारा. त्याच्या आदल्या वर्षी, टाडा या दहशतवादविरोधी कायद्याखालच्या ‘हितेंद्र ठाकूर’ प्रकरणात, त्याच न्यायालयाने सांगितले होते की सरकारी वकील हा तपास यंत्रणेचा भाग नाही. पोलिसांनी कोठडीची मुदत वाढवून मागितली तर तो कागद जसाच्या तसा पुढे सरकवणे हे त्याचे काम नव्हे, स्वतःची बुद्धी चालवणे हे त्याचे काम. दोन्ही निकाल महाराष्ट्रातून उगवलेले आहेत. आज सहायक सरकारी अभियोक्ते लोकसेवा आयोगाच्या परीक्षेतून येतात, अभियोग संचालनालय आहे, म्हणजे कागदावर सुटका झाली. पण १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २० प्रमाणे हे संचालनालय प्रशासकीयदृष्ट्या गृह खात्याच्याच हाताखाली आहे. पोलीसही गृह खात्याच्याच हाताखाली. ज्याच्या कामाची पारख करायची तो आणि पारख करणारा, दोघांच्या बदलीच्या फाइली एकाच मंत्रालयात फिरतात.

सत्र न्यायालयातली गोष्ट याहून नाजूक आहे. तिथले जिल्हा सरकारी वकील आणि त्यांचे सहकारी हे वकिली करणाऱ्यांतून निवडून ठराविक मुदतीसाठी नेमलेले असतात. मूळ संहितेत त्यांच्या नावांची यादी जिल्हा दंडाधिकाऱ्याने सत्र न्यायाधीशाशी सल्लामसलत करून करावी, अशी तरतूद होती. कोण वकील अभ्यास करून उभा राहतो, कोण तारखा मागतो, हे सत्र न्यायाधीश रोज पाहत असतो. त्याला विचारणे हा साधा शहाणपणा होता. महाराष्ट्राने १९८१ मध्ये कायद्यात दुरुस्ती करून ‘सत्र न्यायाधीशाशी सल्लामसलत’ हे शब्द काढले आणि तिथे ‘राज्य शासनाच्या मान्यतेने’ हे शब्द घातले. उच्च न्यायालयातल्या सरकारी वकिलासाठी असलेला उच्च न्यायालयाचा सल्लाही तेव्हाच गेला. एवढ्या लहान दुरुस्तीची कोणी मोठी बातमी केली नसेल, पण गेल्या चार दशकांत सरकार बदलले की सरकारी वकिलांच्या याद्या का बदलतात, पॅनेलवर नाव लागावे म्हणून तरुण वकील कोणत्या कार्यालयाच्या पायऱ्या झिजवतात, याचे उत्तर त्या बदललेल्या शब्दांत सापडते. नव्या संहितेच्या कलम १८ मध्ये संसदेने सल्लामसलतीची मूळ भाषा पुन्हा लिहिली आहे. ती या वेळी टिकते का, यावर मी पुढे जे म्हणणार आहे त्यातले बरेच अवलंबून आहे.

या दुखण्यावर एक उपाय सुचवला जातो, आणि तो ऐकायला फार सरळ वाटतो. सरकारची नेमणूक नको तर लोकांची नेमणूक आणा. नगरसेवक निवडतो तसा जिल्ह्याचा सरकारी वकील निवडा. अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत तो निवडूनच येतो. तिथे गेल्या दोन दशकांत सुधारणावादी म्हणवणारे असे अनेक अधिकारी निवडून आले आणि त्यांनी तुरुंगांची गर्दी, गोऱ्या-काळ्यांना मिळणारा वेगवेगळा न्याय, चुकीच्या शिक्षा यांवर हात घातला. या परंपरेचा नीट विचार करायचा तर टेक्सासमधल्या डॅलस जिल्ह्याकडे पाहावे. तिथे हेन्री वेड हे १९५१ पासून ३६ वर्षे निवडून आलेले अभियोक्ता होते. जास्तीत जास्त शिक्षा आणि जास्तीत जास्त मते असा त्यांचा लौकिक. ज्युरीत कृष्णवर्णीय, ज्यू, मेक्सिकन घेऊ नयेत अशा लेखी सूचना त्यांच्या कार्यालयात होत्या. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २००५ च्या एका निकालात त्या सूचनांची दखल घेतली. एका पोलिसाच्या खुनात १९७७ मध्ये वेड यांच्या कार्यालयाने एका निरपराध माणसाला मृत्युदंडापर्यंत नेले. तो १९८९ मध्ये सुटला. मग २००६ मध्ये त्याच डॅलसच्या मतदारांनी क्रेग वॉटकिन्स यांना निवडले. टेक्सासमधले ते पहिले कृष्णवर्णीय जिल्हा अभियोक्ता. पुढच्याच वर्षी त्यांनी आपल्या कार्यालयात एक वेगळा विभाग काढला, ज्याचे काम एकच : आपल्याच कार्यालयाने मिळवलेल्या जुन्या शिक्षा पुन्हा तपासणे. जिल्ह्याच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेने जुन्या खटल्यांतले रक्ताचे व इतर नमुने फेकून न देता सांभाळून ठेवले होते. डीएनए चाचण्या झाल्या, आणि वॉटकिन्स यांच्या दोन कारकिर्दींत दोन डझनांहून अधिक माणसे निर्दोष ठरून बाहेर आली. काहींनी वीस-वीस, पंचवीस-पंचवीस वर्षे काढली होती.

या गोष्टीतून निवडणुकीच्या बाजूने मत बनवणे सोपे आहे. मी उलट मत बनवतो, कारण वेड आणि वॉटकिन्स हे दोघेही एकाच मतपेटीतून निघाले. ज्या पद्धतीने चूक ३६ वर्षे जपली तिलाच दुरुस्तीचे श्रेय द्यायचे असेल तर चुकीचाही जमाखर्च तिच्याच नावे मांडायला हवा. मतपेटी अभियोक्त्याला बळ देते हे खरे, पण ते बळ कुठल्या दिशेने लागेल हे त्या वर्षीच्या भीतीवर ठरते. वॉटकिन्स स्वतः २०१४ ची निवडणूक हरले; जप्तीच्या निधीच्या वापरावरून त्यांच्यावर टीका झाली होती आणि ती निराधार नव्हती. सॅन फ्रान्सिस्कोत २०१९ मध्ये निवडून आलेले चेसा बुडीन तर मुदत संपण्याआधीच, जून २०२२ मध्ये, परत बोलावण्याच्या मतदानात गेले. कोविडच्या साथीच्या काळातल्या दुकानफोडीने शहर धास्तावले होते आणि रोख जामीन न मागणारा अभियोक्ता हा त्या धास्तीला सोपा चेहरा मिळाला. वॉटकिन्स डिसेंबर २०२३ मध्ये वारले. त्यांच्यामागे काय उरले, याचे उत्तर मला फार महत्त्वाचे वाटते. त्यांचे पद उरले नाही, त्यांचा लौकिकही थोडा मळलाच. पण तो विभाग उरला. त्यांना हरवणाऱ्यांनीही तो बंद केला नाही आणि अमेरिकेतल्या कितीतरी जिल्ह्यांनी तो उचलला. लोकांनी दिलेले आयुष्य चार-चार वर्षांचे होते. कार्यालयात रुजवलेली सवय त्याहून लांब टिकली.

पुण्यात निवडून आलेला सरकारी वकील कसा वागेल, याची कल्पना करायला मे २०२४ पुरेसा आहे. १९ मे च्या पहाटे कल्याणीनगरला भरधाव पोर्शे गाडीने दुचाकीवरच्या दोन तरुण अभियंत्यांचा जीव घेतला. गाडी चालवणारा अल्पवयीन. बाल न्याय मंडळाने काही तासांत त्याला जामीन दिला आणि अटींत तीनशे शब्दांचा निबंध घातला. शहर खवळले, आणि खवळण्यासारखेच होते ते. पुढे ससून रुग्णालयात रक्ताचे नमुने बदलल्याचे उघड झाले तेव्हा तो संताप किती रास्त होता हे दिसले. पण त्याच संतापाच्या लाटेत, जामीन रद्द न करताच, त्या मुलाला निरीक्षणगृहात पाठवण्यात आले, आणि २५ जूनला मुंबई उच्च न्यायालयाने ते बेकायदा ठरवून त्याला सोडण्याचा आदेश दिला. श्रीमंताच्या मुलाला मिळालेली सवलत आणि कायद्याने प्रत्येक मुलाला दिलेले संरक्षण, या दोन गोष्टी त्या आठवड्यात एकमेकींत कालवल्या गेल्या. त्या वेळी शिवाजीनगरला मतांवर निवडून आलेला अभियोक्ता बसलेला असता तर त्या दोन गोष्टी वेगळ्या करून दाखवण्याचे धाडस त्याला झाले असते का? रक्ताचा नमुना बदलणाऱ्यांवर सगळा जोर लावा आणि मुलाच्या बाबतीत बाल न्याय कायदा जे सांगतो ते करा, असे त्या आठवड्यात म्हणणारा उमेदवार पुढच्या निवडणुकीत कुठे दिसला असता?

महाराष्ट्रात लोकांच्या मनात ‘सरकारी वकील’ म्हटले की एकच चेहरा उभा राहतो : उज्ज्वल निकम. जळगावातून आलेल्या या वकिलाने १९९३ च्या मुंबई बॉम्बस्फोटांपासून २६/११ पर्यंत, खैरलांजीपासून कोपर्डीपर्यंतचे खटले चालवले. त्यांची मेहनत, कागदांवरची पकड, साक्षीदार सांभाळण्याची हातोटी वादातीत आहे. २०१६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. पण त्यांच्या कारकिर्दीने एक पायंडाही पाडला. खटला कोर्टात जितका चालतो तितकाच कोर्टाबाहेरच्या कॅमेऱ्यांपुढेही चालतो, हा तो पायंडा. २६/११ च्या खटल्यातल्या कसाबने तुरुंगात बिर्याणी मागितली ही गोष्ट आपण रचली होती, कारण त्याच्याविषयी सहानुभूतीची लाट येऊ लागली होती, असे निकम यांनी स्वतः २०१५ मध्ये जयपूरच्या एका परिषदेत सांगितले. कसाबविरुद्धचा पुरावा इतका भक्कम होता की त्याला कुठल्याही कथेची गरज नव्हती. मग ती कथा कोणासाठी होती? ज्युरी आपल्याकडे नाही. ती लोकांसाठी होती. न्यायालयाचा अधिकारी जनमताचाही कारभारी झाला की तो न निवडताच निवडून आल्यासारखा वागू लागतो. २०२४ मध्ये ते उत्तर-मध्य मुंबईतून लोकसभेला उभे राहिले, थोडक्या फरकाने पडले, पुन्हा विशेष सरकारी वकील झाले आणि जुलै २०२५ मध्ये राष्ट्रपतींनी त्यांना राज्यसभेवर नेमले. यात बेकायदा काही नाही. पण एका पक्षाच्या तिकिटावर लढलेला माणूस दुसऱ्या दिवशी राज्याच्या नावाने शिक्षा मागतो तेव्हा समोरच्या आरोपीने, आणि उद्या एखाद्या विरोधी पक्षाच्या आरोपीने, त्याच्याकडे काय म्हणून पाहायचे, हा प्रश्न विचारलाच पाहिजे. व्यक्ती कितीही सचोटीची असली तरी तो प्रश्न तिच्यापुरता नसतो.

खरे तर प्रत्येक मोर्चात ऐकू येणारी मागणी या साऱ्या व्यवस्थेवरचा अभिप्राय आहे. फास्ट ट्रॅक कोर्ट, विशेष सरकारी वकील आणि फाशी. या तिन्हींतली मधली मागणी नीट ऐकावी. लोक म्हणत आहेत की नेहमीच्या सरकारी वकिलावर आमचा भरवसा नाही. दलित अत्याचाराच्या खटल्यांत पीडिताच्या पसंतीचा नामांकित वकील नेमण्याची तरतूद १९९५ च्या नियमांतच करावी लागली, तीही याच अविश्वासातून. गाजलेल्या खटल्याला नावाजलेला वकील मिळतो. न गाजलेल्या हजारो खटल्यांना, ज्यांत फिर्यादी गरीब असतो आणि आरोपीही गरीब असतो, पॅनेलवरचा जो असेल तो मिळतो. विशेष वकील हा त्या आजारावरचा उपाय नाही, ती आजार झाकणारी पट्टी आहे.

आता मुख्य पुराव्याकडे येतो. नाशिक जिल्ह्यात जून २००३ मध्ये एका कुटुंबावर दरोडा पडला. खून झाले, बलात्कार झाले. भटक्या जमातीतल्या सहा पुरुषांना पकडण्यात आले. नाशिकच्या सत्र न्यायालयाने २००६ मध्ये सहाही जणांना फाशी सुनावली, उच्च न्यायालयाने तिघांची फाशी कायम ठेवून तिघांना जन्मठेप दिली, आणि २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सहाही जणांना फाशी दिली. दहा वर्षांनी, ५ मार्च २०१९ रोजी, त्याच न्यायालयाने स्वतःचा निकाल फिरवून सहाही जणांना निर्दोष सोडले आणि प्रत्येकी पाच लाख रुपये भरपाई द्यायला राज्याला सांगितले. कारण? घटनेतून वाचलेल्या प्रत्यक्षदर्शी स्त्रीने सुरुवातीलाच पोलिसांकडच्या छायाचित्रांतून चार जणांना ओळखले होते. ते चार जण हे सहा जण नव्हते. त्या चौघांचा तपासच झाला नाही.  त्या ओळखीची नोंद असलेला कागद खटल्याच्या कागदपत्रांतच होता. सोळा वर्षे तीन न्यायालयांच्या पायऱ्या चढताना त्या कागदावरून कितीतरी सरकारी वकिलांची नजर फिरली असेल. त्यांच्यापैकी एकाने तरी उठून ‘या कागदाचा खुलासा झाल्याशिवाय सरकार पक्ष शिक्षा मागू शकत नाही’ असे म्हटले असते तर? ते दुष्ट होते असे मला मुळीच म्हणायचे नाही. असे म्हणणे हे आपले काम आहे, हे त्यांना कोणी सांगितलेच नव्हते. आणि म्हटले असते तर आपली पाठराखण कोण करील याची खात्री त्यांना कोणी दिली नव्हती.

आपली व्यवस्था उलट दिशेने मात्र दक्ष आहे. जानेवारी २०१४ मध्ये ‘किशनभाई’ प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सर्व राज्यांना आदेश दिला की प्रत्येक निर्दोष सुटकेची छाननी करा, चूक कोणाची हे ठरवा आणि जबाबदारांवर कारवाई करा. हेतू चांगला होता, आळशी तपासाला चाप बसावा हा. पण परिणाम काय होतो ते पाहा. सुटका झाली तर जाब, शिक्षा झाली तर शाबासकी. चुकीच्या शिक्षेचा जाब विचारणारी समिती नाही. वॉटकिन्स यांच्या कार्यालयाने जो प्रश्न स्वतःला विचारला, ‘आम्ही शिक्षा मिळवली ती बरोबर होती का?’, तो विचारण्याची जागाच आपल्याकडे नाही. ज्या व्यवस्थेत एकाच बाजूच्या चुकीला किंमत मोजावी लागते तिथे माणूस दुसऱ्या बाजूला झुकणारच. ‘सक्त हरकत आहे’ लिहिल्याने कोणत्याही सरकारी वकिलाला कधी नोटीस येत नाही.

यावर अनुभवी माणसे जो आक्षेप घेतात तो मी हलका मानत नाही. ते म्हणतात, सरकारी वकिलाला ‘हरकत नाही’ म्हणू द्याल तर तो बाजार होईल. श्रीमंत आरोपीचा वकील आणि सरकारी वकील यांच्यात सेटिंग होईल आणि गरिबाच्या अर्जावर हरकत तशीच राहील. पुण्यात, ससूनचा तो प्रकार पाहिल्यानंतर, ही भीती खोटी म्हणता येणार नाही. पण सेटिंग आजच्या पद्धतीत होत नाही का? होते, फक्त ती दिसत नाही. साक्षीदाराला दोनच प्रश्न विचारून बसणे, महत्त्वाचा पंच न तपासणे, अपिलाची मुदत जाऊ देणे, असल्या मौनाला कारण द्यावे लागत नाही. उलट ‘हरकत नाही’ असे कारणांसह लिहायचे, ते न्यायाधीशापुढे वाचायचे आणि फिर्यादीला त्यावर बोलू द्यायचे ठरले तर लपायला जागा कमी उरते. २०२२ मध्ये लखीमपूर खिरीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने पीडिताला प्रत्येक टप्प्यावर म्हणणे मांडण्याचा हक्क आहे असे सांगितलेच आहे. शिवाय खटला मागे घेण्याचा अधिकार कायद्याने सरकारी वकिलाला पूर्वीपासून आहे, जुन्या संहितेत कलम ३२१, नव्या संहितेत ३६०. तो वापरला जातो तो बहुतांशी राजकीय व सामाजिक आंदोलनांतले गुन्हे मागे घ्यायचे शासनाने ठरवले की. शासन निर्णय निघतो, वकील अर्ज देतो. वकिलाने स्वतःची बुद्धी चालवूनच असा अर्ज द्यावा हे न्यायालयांनी १९७७ पासून सांगितले. तरीही परिस्थिती अशी की ऑगस्ट २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला आमदार-खासदारांवरील खटले उच्च न्यायालयाच्या परवानगीशिवाय मागे घेऊ नका असे बजवावे लागले. म्हणजे ‘हरकत नाही’ हे शब्द आपल्या सरकारी वकिलाच्या तोंडी आजही आहेत, पण ते मंत्रालयाने घातलेले असतात. येरवड्याच्या तुरुंगात पाच हजारांच्या जामिनाअभावी पडून असलेल्या माणसासाठी ते उच्चारले जात नाहीत.

दुसरा आक्षेप पीडितांच्या बाजूने येतो. सुधारणा म्हणजे आरोपीला सवलत, असा त्याचा सूर असतो. पण स्वतंत्र अभियोक्ता ‘नाही’ म्हणू शकतो तसा ‘आणखी’ही म्हणू शकतो, आणि जिथे बलवान माणसे गुंतलेली असतात तिथे त्या दुसऱ्या शब्दाचीच गरज असते. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून २० ऑगस्ट २०१३ रोजी ओंकारेश्वराजवळच्या पुलावर झाला. निकाल १० मे २०२४ रोजी लागला. गोळ्या झाडणारे दोघे दोषी ठरले, कटाचा सूत्रधार म्हणून उभा केलेला आरोपी पुराव्याअभावी सुटला, आणि मूळ सूत्रधारांपर्यंत पुणे पोलीस किंवा सीबीआय पोचू शकले नाहीत, यावर न्यायालयाने स्पष्ट नापसंती नोंदवली. दुसरे उदाहरण गहुंजेचे. तिथे २००७ मध्ये एका तरुणीवर बलात्कार करून तिचा खून करण्यात आला. दोघांना फाशी झाली, २०१५ मध्ये ती कायम झाली. नंतर दयेचे अर्ज आणि फाशीचे वॉरंट यांत सरकारी कार्यालयांनी मिळून चार वर्षांहून अधिक काळ घालवला, त्यामुळे २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने शिक्षा ३५ वर्षांच्या कैदेत बदलली आणि डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते मान्य केले. फाशी असावी की नसावी हा वेगळा वाद आहे. मी इथे एवढेच पाहतो की निकालानंतर ती फाइल कोणत्या टेबलावर आहे, हे विचारण्याची जबाबदारी कोणा एका माणसाची नव्हती. कॅमेऱ्यांपुढे जोरात आणि कपाटांपुढे गप्प, अशा अभियोगाने पीडितांचेही भले होत नाही.

निवडणुकीच्या बाजूचे लोक शेवटी म्हणतील, मग लोकांना काहीच स्थान नाही का? पुण्याला हा प्रश्न नवा नाही. २ एप्रिल १८७० रोजी सार्वजनिक सभा स्थापन झाली तेव्हा तिच्या सभासदांनी लोकांच्या सह्यांची मुखत्यारपत्रे घेतली होती. सहा हजार लोकांनी ९५ प्रतिनिधी दिले होते. त्या सभेचा प्राण असलेले गणेश वासुदेव जोशी, सार्वजनिक काका, पेशाने वकील. १८७९ मध्ये वासुदेव बळवंत फडक्यांवर पुण्यात खटला चालला तेव्हा लोकांचे मुखत्यारपत्र बाळगणारा हा माणूस फी न घेता आरोपीच्या बाजूने उभा राहिला. त्या वेळी शहरातल्या प्रतिष्ठितांना फडक्यांचे नाव उच्चारण्याचीही भीती वाटत होती. सरकारशी भांडायला लोकांचे मुखत्यारपत्र हवे, हे काकांना कळले होते. माणसाला कोठडीत ठेवायचे की नाही हे ठरवायला ते चालत नाही. तिथे लोकांचा हक्क आहे तो कारणे वाचण्याचा.

म्हणून माझी मागणी फार भव्य नाही. नव्या संहितेने प्रत्येक जिल्ह्यात अभियोग संचालनालय काढण्याची मुभा दिली आहे. ते गृह खात्याकडून काढून विधी व न्याय खात्याकडे नेण्यासाठी संसदेचा किंवा राज्याचा कायदा लागेल, आणि तो यायला वेळ जाईल. पण सत्र न्यायाधीशाचा सल्ला या वेळी काढून टाकायचा नाही, एवढे महाराष्ट्र आजही ठरवू शकतो. जन्मठेपेच्या व फाशीच्या शिक्षांची पुनर्तपासणी करणारे दोन-तीन वकील संचालनालयात बसवायला कायद्याची आडकाठी नाही. तपासात वकिलाने ढवळाढवळ करू नये असे सर्वोच्च न्यायालयाने २००० मध्ये सांगितले आहे, ते योग्यच आहे; हे काम तपास संपल्यानंतरचे आहे. आणि त्याआधी, उद्या सकाळी सुद्धा, शिवाजीनगरच्या कार्यालयात एक नोंदवही सुरू करता येईल. पहिल्या रकान्यात गुन्हा रजिस्टर नंबर, दुसऱ्यात पोलिसांचे म्हणणे, तिसऱ्यात सरकारी वकिलाचे स्वतःचे, त्याच्या हातच्या अक्षरात, सहीसह.